जाता येते म्हणून जावे काय?

काम, पैसा, विवाह, मुलांचे शिक्षण ह्यांबाबत आपण बऱ्यावाइटाचा विचार करतो. सुट्टीचा दिवस मात्र ह्या विचारातून सुटलेला आहे असे आपण समजतो. मौजेत कसली आली नीती, असे पुष्कळांस वाटते. परंतु मनुष्य पोटासाठी जे करतो त्यापेक्षा हौसेने जे करतो त्यात त्याचा स्वभाव अधिक उघडा पडतो, कारण तेथे त्याच्यावर कोणाची सक्ती नसते. म्हणून ह्या लेखात एका साध्या कौटुंबिक हौसेचा विचार करावयाचा आहे. ही हौस वाईट आहे असे ठरवून आम्ही लिहावयास बसलेलो नाही, हे वाचकांनी आरंभीच लक्षात घ्यावे.

हैदराबादसारख्या शहरात अलीकडे पुष्कळ कुटुंबांकडे चारही चाकांना इंजिनाची ओढ मिळेल अशी गाडी असते. महिंद्राची थार २०१० साली आली, तिचे नवे रूप २०२० साली आले आणि मारुतीची जिम्नी २०२३ साली. पूर्वी असली गाडी सरकारी खात्याची किंवा लष्कराची असावयाची; आता ती नोकरदाराच्या दारात, बँकेच्या हप्त्यावर उभी असते. मग सुट्टीच्या दिवशी पहाटे डबे भरले जातात, आजीला पुढच्या आसनावर बसवतात, मुले मागे कोंबली जातात, आणि गाडी सुमारे ऐंशी किलोमीटरवरच्या विकाराबाद व अनंतगिरीच्या बाजूस निघते. ठरलेल्या जागी डांबरी रस्ता सोडला जातो आणि दिवसाच्या खऱ्या मौजेला तेथून सुरुवात होते.

ही मौज कशात आहे हे समजून घेतल्यावाचून तिच्याविषयी मत देणे न्यायाचे होणार नाही. साध्या मोटारीत इंजिनाची शक्ती दोनच चाकांना मिळते. त्यांतले एक चिखलात घसरू लागले की तेच भरभर फिरत राहते आणि गाडी जागची हलत नाही. ह्या गाडीत एक दांडा ओढला म्हणजे पुढची चाकेही ओढू लागतात. आणखी खालच्या गिअरमध्ये घातले म्हणजे चाके अगदी हळू, पण मोठ्या जोराने फिरतात. जाणता चालक आधी खाली उतरून वाट पायी पाहतो. टायरमधली हवा थोडी कमी करतो, म्हणजे टायर पसरून जमिनीला अधिक धरतो. एक जण पुढे उभा राहून हातांनी खुणा करतो आणि चालक त्याच्यावर विश्वास ठेवून, पुढचा दगड दिसत नसतानाही, इंचाइंचाने गाडी चढवतो. शक्य तितके हळू आणि लागेल तितकेच जोरात, हा ह्या विद्येतला पहिला नियम आहे. जो बाप शहराच्या रस्त्यावर प्रत्येक सिग्नलला भोंगा वाजवतो, तोच येथे अर्धा तास एका खड्ड्यापुढे शांतपणे विचार करीत बसतो. मुले खिडकीतून बाहेर पाहतात. घरातली चार माणसे एकाच गोष्टीकडे लक्ष देऊन बसली आहेत, असे हल्ली किती वेळा घडते?

ही विद्या निरुपयोगीही नाही. ऑगस्ट २०१८ मध्ये केरळात महापूर आला, तेव्हा एरवी हौसेने डोंगरवाटा चढणाऱ्या तरुणांच्या गाड्या पाण्यातून लोकांना बाहेर काढीत होत्या. सुट्टीच्या दिवसाचे कौशल्य संकटाच्या दिवशी कामास आले. तेव्हा आनंद आहे, कौशल्य आहे, कुटुंबाची एकी आहे. एवढे सगळे असताना प्रश्न कोठे उरतो?

प्रश्न चाकाखालच्या वाटेचा आहे. जीप ही गाडी जन्माला आली ती दुसऱ्या महायुद्धात, अमेरिकेच्या सैन्यासाठी. युद्धानंतर मुंबईच्या महिंद्र कंपनीने विलिज जीपचे भाग आणून त्या येथे जोडावयास सुरुवात केली. आपल्या वडीलधाऱ्यांच्या आठवणीतली जीप ही तीच. मलेरियाच्या फवारणीची, तहसीलदाराची, मिशनच्या दवाखान्याची. ती चिखलात शिरे, कारण पलीकडे कोणीतरी आजारी असे आणि दुसरा रस्ता नसे. तो चिखल ज्यांच्या वाट्याला आला होता त्यांना त्यात काही मौज वाटत नव्हती.

तो चिखल अजून पुरता संपलेला नाही. रस्ता नसलेल्या वस्त्या बारमाही रस्त्याने जोडण्यासाठी २००० सालच्या डिसेंबरात केंद्र सरकारने प्रधानमंत्री ग्रामसडक योजना सुरू केली. तिच्यात सपाटीवरच्या पाचशे आणि आदिवासी व डोंगराळ भागातल्या अडीचशे लोकवस्तीपर्यंतच्या गावांचा विचार केला होता. त्याहून लहान वाड्या आणि तांडे, आणि वस्तीपासून शेतापर्यंतच्या पांदणी, ह्या पुष्कळ ठिकाणी अजून मातीच्याच आहेत. म्हणजे ज्या वाटेतून सुटावे म्हणून एखादी वस्ती पंचवीस वर्षे अर्ज करीत असते, तीच वाट शोधीत शहरातले कुटुंब ऐंशी किलोमीटर येते. एकाचा चिखल नशिबाचा, दुसऱ्याचा हौसेचा. पहिल्याला त्यातून रोज दूध घेऊन जावयाचे असते. दुसरा संध्याकाळी गाडी धुऊन टाकतो.

ह्यावर कोणी म्हणेल, मग काय आम्ही मौजच करू नये? जगात कोठे तरी दुःख आहे म्हणून सुखाचा घास घशाखाली उतरू देऊ नये काय? तसे आम्ही म्हणत नाही. डोंगर चढणारा गिर्यारोहकही कष्ट हौसेनेच विकत घेतो, आणि ओझे वाहणाऱ्या हमालाचा त्यामुळे अपमान होत नाही. पण गिर्यारोहक हमालाच्या पाठीवर पाय देऊन चढत नाही. ओल्या पांदणीतून चार जड गाड्या पाठोपाठ गेल्या की मागे गुडघाभर चाकोऱ्या पडतात. दुसऱ्या दिवशी त्या चाकोऱ्यांतून सायकल, बैलगाडी किंवा गरोदर बाईला घेऊन जाणारी रिक्षा जावयाची असते. आपल्या मौजेची किंमत दुसऱ्याने भरली, तर ती निर्दोष म्हणता येणार नाही.

आता पांदण सोडून गाडी मोकळ्या माळावर येते. मागच्या आसनावरून मुलगा विचारतो, "बाबा, ही जागा कोणाची?" आणि वडील सहज म्हणून जातात, "कोणाची नाही रे, रिकामी आहे." आमच्या मते ह्या एका उत्तरात सगळा प्रश्न आला.

दख्खनमध्ये रिकामी जमीन अशी जवळजवळ नसतेच. मराठवाड्यात ज्याला आपण गायरान म्हणतो, तशाच चराऊ माळाला तेलंगणात कांचा म्हणतात. तेथे कुरुमा मेंढपाळांच्या दख्खनी मेंढ्या चरतात. त्यांच्या काळ्या लोकरीपासून विणतात ती तेलुगूतली गोंगडी, म्हणजेच आपली घोंगडी. तलाव आटल्यावर उघडी पडणारी सपाट जमीन तर गाडी फिरवण्यास फारच सोयीची दिसते. निजामाच्या महसुली भाषेत तिला शिकम म्हणत, आणि फारसीत शिकम म्हणजे पोट. ती तलावाच्या पोटातली जागा आहे. पाणी उतरले की तेथे कोणी पेरतो, कोणाची गुरे चरतात, आणि पाऊस आला की ते पोट पुन्हा भरते. कुंपण नाही, पाटी नाही, म्हणून मालक नाही, हा समज शहराच्या माणसाचा आहे. गावच्या माणसाला प्रत्येक बांध कोणाचा ते ठाऊक असते.

माणसे सोडा, त्या माळावर टिटवी असते. पंचतंत्रातल्या गोष्टीत टिटवीची अंडी समुद्राने नेली आणि तिने समुद्राला शासन करविले. प्रत्यक्षातली टिटवी बिचारी उघड्या जमिनीवर, खड्यांच्या मधोमध अंडी घालते. उन्हाळ्यात आणि पावसाळ्याच्या आरंभी ती घरट्यावर असते. अंड्यांचा रंग खड्यांसारखाच, म्हणजे कोल्ह्यालाही ती सहज दिसू नयेत. परंतु ह्या योजनेत टायरचा विचार केलेला नाही. उंच आसनावर बसलेल्या चालकाला ती दिसणे शक्य नाही. तो अंडी चिरडतो तेव्हा त्याच्या मनात क्रूरपणा मुळीच नसतो, फक्त जागा रिकामी आहे अशी त्याची समजूत असते. अशा समजुतीला निष्पाप म्हणावे काय?

जमिनीचीही स्मरणशक्ती मोठी असते. १९४२ ते १९४४ ह्या काळात अमेरिकेने कॅलिफोर्नियाच्या मोहावी वाळवंटात रणगाड्यांच्या सैन्याला शिक्षण दिले. त्या रणगाड्यांच्या चाकोऱ्या आजही तेथे ओळखू येतात. आपल्याकडे पाऊस पडतो, गवत पुन्हा येते, म्हणून इतके दिवस खूण राहत नाही. पण पावसाने दुसरीच अडचण होते. उतारावर पडलेली चाकोरी ही पाण्याला आयती मिळालेली वाट असते. पहिल्या पावसात तीतून पाणी वाहते, दुसऱ्यात ती खोल होते, आणि काही वर्षांत तिची घळ बनते. विकाराबादची तांबडी माती ह्या घळींतून खाली ओहोळात आणि तेथून तलावात जाते. तलावांतला साठलेला गाळ काढण्यासाठी तेलंगण सरकारला २०१५ साली मिशन काकतीय ही योजना हाती घ्यावी लागली, हे वाचकांस आठवत असेल.

ह्या अनंतगिरीच्या डोंगरांतच मुसी नदीचा उगम आहे. सप्टेंबर १९०८ मध्ये ह्याच मुसीने हैदराबाद बुडवले आणि हजारो माणसे प्राणास मुकली. त्यानंतर विश्वेश्वरय्यांचा सल्ला घेण्यात आला आणि १९२० साली उस्मानसागर, म्हणजे आपले गंडीपेठ, पुरे झाले. पुराला आवर बसावा आणि शहराला पाणी मिळावे हे दोन्ही हेतू त्यात होते. शहराच्या पाण्यात त्याचा वाटा आता पूर्वीइतका मोठा नाही. तरी ज्या उतारावर आपण सुट्टीच्या दिवशी चाके फिरवतो तो उतार कोठल्या तरी परक्या मुलुखात नाही, आपल्याच शहराच्या पाण्याच्या वाटेवर आहे, हे ध्यानात ठेवले पाहिजे.

येथे एक आक्षेप प्रामाणिकपणे ऐकला पाहिजे. हैदराबादभोवतीचे अब्जावधी वर्षांचे ग्रॅनाइटचे खडक सुरुंगाने फुटत आहेत. शेतांचे प्लॉट पडत आहेत. २०२५ च्या मार्च-एप्रिलमध्ये कांचा गच्चीबावली येथे चारशे एकरांवर बुलडोझर चालले आणि सर्वोच्च न्यायालयाने ते थांबवले. एवढ्या मोठ्या नासाडीपुढे एका कुटुंबाच्या एका गाडीच्या चार चाकोऱ्या त्या काय? हिशेब करू गेल्यास आक्षेप खरा आहे. एका गाडीने गंडीपेठ गाळाने भरत नाही. परंतु त्या चारशे एकरांच्या नावात कांचा हा शब्द आहे, हे पाहा. तेथेही वादाच्या मुळाशी हीच समजूत होती, की जागा रिकामी आहे. बुलडोझर आणि जीप ह्यांच्या बळात फार अंतर आहे. पण दोघांना चालवणारी नजर एकच असू शकते. आणि ही नजर मूल शाळेत शिकत नाही, ते ती वडिलांच्या मागे गाडीत बसून शिकते.

दुसराही एक आक्षेप आहे. गावाला चार पैसे मिळतात, चहावाल्याचा धंदा होतो, रुतलेली गाडी काढणाऱ्या ट्रॅक्टरवाल्याला मोबदला मिळतो. हेही खरे आहे आणि ते चांगलेच आहे. मात्र ट्रॅक्टरवाल्याला मोजलेले पैसे त्याच्या शेजाऱ्याच्या तुटलेल्या बांधाची भरपाई होत नाहीत. देणे ज्याचे आहे त्यालाच दिले पाहिजे.

मग करावे काय? गणनेच्या पुस्तकात एक प्रसंग आहे, तो ह्या प्रश्नाला फार जवळचा आहे. मोशे कादेशाहून अदोमाच्या राजाकडे जासूद पाठवून त्याच्या देशातून जाण्याची परवानगी मागतो. आपण शेतांतून किंवा द्राक्षमळ्यांतून जाणार नाही, राजमार्ग सोडणार नाही, आणि आमच्या गुरांनी पाणी प्यायले तर त्याचे मोल देऊ, असे वचन तो देतो. लक्षात घ्या, हा मागणारा समाज मौजेसाठी निघालेला नव्हता. बायकामुले व गुरेढोरे घेऊन तो रानात भटकत होता, त्याची गरज खरी होती, आणि त्याचा देव त्याच्याबरोबर होता. तरी त्याने आधी विचारले. अदोमाने नकार दिला. तेव्हा इस्राएल वळले आणि लांबच्या वाटेने गेले. ज्यांची गरज एवढी मोठी त्यांनी विचारले आणि नकार सोसला. आपण तर नुसत्या हौसेने निघालेले. आपण विचारू नये काय?

सगळ्या प्रश्नाचे उत्तर आम्हांस ह्या विचारण्यात दिसते. गाडी तेथे जाऊ शकते, ही गोष्ट इंजिनाने सिद्ध होते. आपण तेथे जावे की नाही, हे त्या जमिनीवर ज्यांचे जीवन आहे त्यांच्या उत्तराने ठरते. अमेरिकेत सार्वजनिक जमिनींवर असल्या गाड्यांचा सुळसुळाट झाला तेव्हा १९७२ साली अध्यक्ष निक्सन ह्यांनी एक हुकूम काढला. कोठल्या वाटा ह्या गाड्यांना खुल्या आणि कोठल्या बंद हे सरकारी खात्यांनी ठरवावे, आणि ते ठरवताना माती, वन्य प्राणी व इतर लोक ह्यांना कमीत कमी त्रास होईल असे पाहावे, असा त्याचा आशय होता. तेथे सरकारने आखून दिले. आपल्याकडे राखीव जंगलाबाहेरच्या माळावर आखून देणारे कोणी नसते, म्हणून ती जबाबदारी आपल्या विवेकावर येते. राखीव जंगलाची गोष्ट वेगळी. तेथे परवानगीवाचून गाडी घालणे कायद्यानेच गुन्हा आहे आणि त्यात विवेकाला विचारण्यासारखे काही उरत नाही.

विचारावयाचे ते गाडीतल्यांनाही. चाक हातात असलेल्याला जो थरार वाटतो तो मागे बसलेल्याला धक्क्यांच्या रूपाने मिळतो. आजीचे गुडघे, लहान मुलीची भीती, सोसायचे म्हणून गप्प बसलेली पत्नी, ह्यांच्याकडे आरशात एकदा पाहिले पाहिजे. "आता उतरू का रे?" असे आईने म्हटल्यावर जो मुलगा "अगं, काही होत नाही" म्हणून गाडी पुढे घालतो, तो बांधावरच्या शेतकऱ्याचे तरी कोठून ऐकणार? एकाच्या मौजेसाठी बाकीच्यांनी धीर धरणे ह्याला कौटुंबिक सहल म्हणत नाहीत. आणि रुतलेली गाडी पट्ट्याने ओढताना तो तुटला तर गोफणीसारखा उसळतो. त्या वेळी मुलांना हौसेने जवळ उभे करणे म्हणजे त्यांचा जीव आपल्या शौर्यापायी पणास लावणे होय.

जे कुटुंब हे सर्व जाणून निघते त्याच्या दिवसाची मौज कमी होते असे आम्हांस वाटत नाही. ते पावसाने भिजलेली पांदण टाळते आणि जमीन वाळण्याची वाट पाहते. ज्या जागेच्या मालकाने असल्या गाड्यांसाठी मुद्दाम वाट करून दिली आहे तेथे ते योग्य मोल देऊन जाते. माळावर एकच चाकोरी असेल तर तिच्यातूनच जाते, शेजारी दुसरी पाडीत नाही. एरवी चाकोरीतून जाणे ह्याला आपण नावे ठेवतो, पण येथे तेच सौजन्य आहे. मेंढरे दिसली की इंजिन बंद करते. बांधावर कोणी उभा असेल तर वडील स्वतः खाली उतरतात, मुलाला बरोबर घेतात, आणि येईल तेवढ्या मोडक्या तेलुगूत विचारतात, "अण्णा, इकडून जाऊ का?" तो हो म्हणाला तर आभार मानून, आणि नाही म्हणाला तर तितक्याच आनंदाने गाडी वळवून निघतात.

ही वळवलेली गाडी मुलांच्या पुष्कळ दिवस लक्षात राहील. दगडावर चढलेली गाडी त्यांनी मोबाइलवर शेकडो वेळा पाहिलेली असते. जाण्याची शक्ती हातात असताना केवळ दुसऱ्याच्या शब्दावरून परत फिरलेले वडील मात्र त्यांना तेथे पाहावयास मिळत नाहीत.